स्टुलावरची धूळ

शिराळ्याच्या रस्त्याला एका ओळखीच्या वेल्डरचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉलीचं काही मोडलं की मी तिथं जातो. "या सर, बसा," म्हणत तो लोखंड कापायच्या ऑक्सिजनची नळी उचलायचा आणि स्टुलावरची धूळ फर्रकन उडवायचा. येणाऱ्याचं स्वागत हे असं. मला ती उधळपट्टी खटकायची.

कोरोनात दवाखान्यांना ऑक्सिजन मिळेना. कुणी मागायच्या आधीच त्यानं आपले दोन्ही सिलिंडर टेंपोत घातले आणि सांगलीच्या एका दवाखान्यात पोचवले. दुकान बंद पडलं. माझी ट्रॉली अर्धवट कापलेली तशीच उभी. मी कुरकुरलो, तर म्हणाला, "आवं सर, लोखंड थांबतंय. माणूस थांबत न्हाई."

सिलिंडर परत आल्यावर गेलो. "या सर, बसा." सवयीनं त्याचा हात नळीकडे गेला आणि तिथंच थबकला. मग तो वाकला, गाल फुगवले आणि तोंडानंच जोरात फुंकर मारली.

तेव्हापासून हे असंच चाललंय. निम्मी धूळ तशीच राहते. मी खुशाल तिच्यावर बसतो.