दादाच्या दोन गाड्या

दादाला अपघात झाला, असा वहिनीच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी पहिलं विचारलं, "कुठल्या गाडीत?" तो "घरच्या," म्हणाला... आणि मग दादा गेल्याचं सांगितलं.

महिना उलटला. भेटायला येणारे अजून म्हणतात, रेसच्या गाडीचं वेड होतंच, शेवटी वेगानंच घात केला. सुरुवातीला मी ऐकून घेतलं. आता तोंडावर सांगते, त्या गाडीत त्याला कधी खरचटलंसुद्धा नाही.

दादाचं सोलापुरात स्पेअर पार्टचं दुकान. ती जुनी रेसिंग कार त्यानं बंगळूरच्या भंगारातून नुसता सांगाडा म्हणून आणली आणि कित्येक वर्षं खपून उभी केली. एकच सीट. छप्पर नाही, दार नाही. वरून पाय घालून आत उतरायचं. जुन्या गाड्यांच्या शौकिनांबरोबर तो ती ट्रॅकवर पळवायचा. बसण्याआधी चाकाचा नट न् नट हातानं तपासायचा, हेल्मेट घालायचा आणि खांद्याचे, कमरेचे पट्टे मला आवळायला लावायचा. श्वास अडकेल इतके. वर म्हणायचा, "अजून ओढ की."

आणि रोजची सेडान? एसी, एअरबॅगा, मागे पोरींसाठी उशा. पट्टा लावला नाही की ती गाडी वाजत राहते, म्हणून यानं पट्ट्याच्या खाचेत नुसती क्लिप खुपसून तिचं तोंडच बंद केलेलं. मी किती वेळा भांडले! तो हसायचा. "अगं, ती वाघीण हाय, तिला जपूनच राहावं लागतं. ही घरची गाय. गायीला कोण भितंय व्हय?"

त्या दिवशी दादा-वहिनी दुधनीचं लग्न आटोपून परत येत होते. भर दुपार, कोरडा रस्ता. अक्कलकोट सोडल्यावर उसाची ट्रॉली शेतातून एकदम आडवी आली. वेग फार नव्हता, वहिनी सांगते. तिनं पट्टा लावला होता. तिचा हात मोडला. दादाचं... डॉक्टर म्हणाले, पट्टा असता तर कदाचित वाचले असते.

ट्रॉलीवाल्याचा राग आहेच. पण खरा संताप येतो तो दादाचा. एवढी काळजी घेता येत होती, ती सगळी शौकासाठी राखून ठेवलीस? आमच्याकडे सुखरूप परत यायला काहीच नाही?

परवा वहिनी मला दुकानामागच्या शेडमध्ये घेऊन गेली. रेसिंग कार विकत मागणारे येतायत. विकण्याआधी तू एकदा बसून घे, म्हणाली. मी आत उतरले. सीट त्यानं स्वतःच्या अंगाच्या मापानं घडवलेली. माझी पाठ कुठेच टेकेना, पाय पेडलपर्यंत पोचेनात. चारी बाजूंनी त्याचीच जागा उरलेली. महिनाभराचं सगळं तोंडाशी आलं. चिडले की मी त्याला लहानपणापासून 'मेल्या' म्हणायचे. तेच म्हणायला गेले आणि 'मे...'वरच थांबले.

वहिनी प्लास्टरचा हात धरून शेजारी उभी होती.

"बोल की," ती म्हणाली. "मी रोज बोलते."