तिघींची एक

सतरा नोव्हेंबर. धुलाईघराचा बॉयलर फुटला. तीन स्त्रिया मेल्या.

चौथी वाचली, कारण ती शेजारच्या खोलीत इस्त्री करत होती. काही वर्षांनी तीच विद्यापीठात सर्जनशील लेखनाचा प्रबंध लिहू लागली. अर्धा भाग कादंबरी, अर्धा त्या कादंबरीचे विवेचन. सकाळी चादरींच्या घड्या, दुपारी ग्रंथालय, संध्याकाळी स्वयंपाक. नणंद चिडवी, "वहिनी, डॉक्टर होताय ना? मग माझ्या सर्दीवर तुमच्या कादंबरीत काही औषध सापडतंय का बघा." ती ऐकता ऐकताच पेंगू लागे.

मार्गदर्शक सज्जन होते. पहिला खर्डा वाचून म्हणाले, "तिघीही सारख्याच मरतात. वाचक तीनदा रडत नाही. तिघींची एक करा."

रचनेच्या दृष्टीने सल्ला बिनचूक होता. एकीचे हसणे, दुसरीचा दमा, तिसरीची मुले घेऊन तिने एक स्त्री घडवली, आणि ती कागदावर खरोखरच जगू लागली. विवेचनात या निर्णयाच्या समर्थनाचे अख्खे प्रकरण झाले.

विभागाचा दंडक असा, की ज्यांच्या माणसांवर लिहिले त्यांना मसुदा वाचून दाखवायचा आणि त्यांची संमती घ्यायची. दोन घरांनी होकार दिला. दमेकरी मुलीची आई, तिची मावशी म्हणायची ती, तेवढी उरली होती. महिनाअखेर प्रबंध गेला नाही, तर नोंदणी रद्द होणार होती.

मावशी उशांचे अभ्रे शिवत ऐकत होती. मध्येच शिवणयंत्र थांबले.

"ही खदाखदा हसते, ती कोण गं?"

"तीच, मावशी."

"माझी लेक? तिला जिना चढताना बोलवत नव्हतं, हसतेय कुठली! आणि ही मुलं? लग्न कधी लावून दिलंस तिचं? मला बोलावलंसुद्धा नाहीस."

"तिघी मिळून ही एक केलीय."

"मिळून? अगं, एकीचं दुसरीशी पटत नव्हतं. डबे घेऊन तीन कोपऱ्यांत बसायच्या."

दोघींनाही हसू आले. मग मावशी म्हणाली, "चांगली उतरलीय हं ही. मलाही जीव लागला तिचा. पण मग माझी कुठं गेली?"

तिने समर्थनाचे प्रकरण मिटून बाजूला ठेवले.

"पुन्हा लिहिते," ती म्हणाली.

"किती दिवस लागतील?"

"वर्ष तरी. आणि मुदत संपतेय."

मावशीने तिच्याकडे निरखून पाहिले. "तोंड बघ आरशात, कसं उतरलंय. आण इकडं, सही करते. फक्त एक कर, माझ्या लेकीवर लिहून झालं, असं कुणाला सांगत फिरू नकोस."

प्रबंध स्वीकारला गेला. परीक्षकांनी त्या एका स्त्रीचे फार कौतुक केले. दुःख आपल्याला एकाच चेहऱ्याचे असल्याशिवाय कळत नाही. ही उणीव वाचणाऱ्यांची. तिची भरपाई मात्र मेलेल्यांकडून करून घेतली जाते. पदवी घेऊन ती घरी आली तेव्हा नणंदेने हौसेने विचारले, "आता पुढं काय?" ती म्हणाली, "आधी झोपते."

त्या तिघींपैकी एकीवरही अजून लिहिले गेलेले नाही.