पाऊस डाव्या बाजूला

डेलमार उन्रूहचा कशावरच पटकन विश्वास बसत नसे, आणि त्यात त्याचा फारसा दोषही नव्हता. चौतीस वर्षं तो लोन ट्रीच्या धान्य कोठारावर ट्रक तोलत आला होता. शेतकरी गव्हाचा ट्रक काट्यावर उभा करी, डेलमार पोकळ सळई वरपासून तळापर्यंत खुपसून गहू बाहेर काढी, चावून बघी, आणि मगच आकडा लिही. वरती कोरडा, खाली ओला, असला माल त्याने सख्ख्या मेव्हण्याचासुद्धा पकडला होता. वर बघून खालचं सांगू नये, हे तो कोणालाही ऐकवी.

उरलेल्या वेळात तो वादळांच्या मागे जाई. कॅन्ससच्या त्या सपाट मुलखात एप्रिल उजाडला की दुपारी तीननंतर त्याचा पाय काट्यावर ठरत नसे. जुना पिकअप, सीटवर दोन कॅमेरे, बायकोने, इर्माने, बांधून दिलेले कोबी-खिम्याचे पाव, एवढ्यावर त्याने एका दिवसात चारशे मैल घातल्याचे दाखले आहेत. गाडी उभी करायची ती नेहमी पळून जायच्या रस्त्याकडे तोंड करून, इंजिन चालू ठेवून. "फोटो दुसराही मिळेल, डेलमार दुसरा कुठून आणू?" असं इर्मा म्हणे, आणि वर दोन पाव जास्त बांधी.

गावाला त्याचा उपयोग होता. हवामान खात्याचं रडार इतकं लांब, की त्याचे किरण लोन ट्रीच्या डोक्यावरून उंच निघून जात; खाली ढगाने टॉर्नेडोची सोंड सोडली की नाही, ते माणसानेच बघायचं. बारा वर्षांपूर्वी कुणा उपटसुंभाने टॉर्नेडोचा फोटो पाठवला, अग्निशमन दलाच्या रस्टी कोलने भोंगा वाजवला, अख्खं गाव तासभर तळघरात घामाघूम होऊन बसलं, आणि फोटो निघाला भलत्याच राज्यातला, तीन वर्षं जुना. कॉफीच्या टेबलावर लोकांनी रस्टीला वर्षभर सोलला. तेव्हापासून रस्टीने एक नियमच केला: फोटो कोणाचाही असो, डेलमार 'हो' म्हणाला तरच भोंगा. इर्माचाही एक नियम होता. आभाळ कितीही काळं होऊ दे, भोंगा वाजल्याशिवाय ती तळघरात उतरत नसे. नवऱ्याला कळणार नाही असं वादळ तिच्या मते अजून जन्माला यायचं होतं.

अशा सुखात ट्विला बेक आली. विचिटा सोडून ती काकाच्या, गावाच्या पश्चिमेला पाच मैलांवरच्या शेतघरात राहायला आली, शेळ्या पाळू लागली, आणि पहिल्याच वर्षी जिल्ह्याच्या जत्रेत तिच्या फोटोला निळी फीत लागली. पवनचक्कीवर कोसळणारी वीज, आणि पवनचक्कीचं एक-एक पातं मोजून घ्यावं इतकं स्वच्छ. डेलमारच्या फोटोला लाल फीत, म्हणजे दुसरा नंबर. नऊ वर्षं निळी फीत त्याची होती. तो त्या फोटोपुढे नाक लावून वीस मिनिटं उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या टेबलावर, जिथे पैसे कोणी द्यायचे हे फाशांवर ठरतं, तिथे तो म्हणाला, "वीज अशी पोज देऊन उभी राहत नसते. कॉम्प्युटरवर चिकटवलीय." पुरावा एकही नव्हता. पण डेलमार म्हणतो म्हणजे असेल, असं लोकांनी धरलं, आणि बाईकडे जरा तिरकं बघायला लागले. ट्विलाच्या कानावर ते गेलं असणारच, गाव केवढंसं. तरी ती त्याला भेटली की हटकून विचारी, कालच्या वादळात तू कुठे उभा होतास, तिथेच का. एवढं विचारणारी बाई काहीतरी लपवते, असं डेलमारचं मत पक्कं झालं.

मेच्या शेवटच्या गुरुवारी दोन वादळं उभी राहिली. एक गावाच्या पश्चिमेला, बुटकं, गबाळं. दुसरं तीस मैल दक्षिणेला, फूलकोबीसारखं टणक. डेलमारने दक्षिणेचं धरलं. अनुभवी माणसाने तेच धरलं असतं. पाच वाजून वीस मिनिटांनी त्याच्या पुढ्यातलं ते देखणं वादळ हवा गेल्यासारखं मलूल पडलं, आणि त्याच वेळी फोन वाजला.

रस्टी होता. म्हणाला, "ट्विलाने फोटो धाडलाय, तुला पाठवलाय. तिच्या घरामागे सोंड जमिनीला टेकलीय म्हणते. मी इथून बघतोय तर नुसता पाऊस दिसतोय. वाजवू का?"

डेलमारने फोटो बघितला. सोंड होती, जाडजूड, जमिनीला टेकलेली. आणि पावसाचा पडदा तिच्या डाव्या बाजूला होता.

पश्चिमेला तोंड करून बघणाऱ्याला पाऊस उजवीकडे दिसतो, सोंड डावीकडे. तीस वर्षांत शेकडो वादळं त्याने तशीच बघितली होती. खोटं करणारे इथेच फसतात, चित्र सुंदर करतात आणि पाऊस कुठे ठेवायचा ते त्यांना ठाऊक नसतं. खरं सांगायचं तर त्याला मनातून बरं वाटलं. निळी फीत कशी मिळाली ते आता सगळ्यांना कळेल, हा विचार त्याच्या डोक्यात आला, आणि तो विचार आल्याचं पुढे तो कधी विसरला नाही.

"पाऊस चुकीच्या बाजूला आहे," तो म्हणाला. "बनवलेलं आहे. वाजवू नको."

"नक्की?"

"रस्टी, मी सांगतोय ना."

फोन ठेवला, पाव काढला, एक घास खाल्ला. मग बाईला कुठे-कुठे पकडता येईल ते बघावं म्हणून त्याने फोटो पुन्हा उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. ट्विलाच्या काकाकडे तो पूर्वी पत्ते खेळायला जाई, ते अंगण त्याला पाठ होतं. पवनचक्की गोठ्याच्या डावीकडे हवी, ती उजवीकडे होती. वा, हेही चुकलं, असं तो म्हणतो तोच त्याला कोपऱ्यातला तिचा पिकअप दिसला. गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे होतं, आणि त्या मुलखात ते डावीकडेच असतं. ती गाडी त्याने स्वतः कितीदा काट्यावर तोलली होती.

त्याने पाव सीटवर टाकला. त्याने फोन उचलून गाडीतल्या आरशासमोर धरला. आरशात स्टिअरिंग डावीकडे गेलं, पवनचक्की डावीकडे गेली, आणि पाऊस उजवीकडे, जिथे असायला हवा तिथे जाऊन उभा राहिला.

त्याने रस्टीला फोन लावला. "वाजव," एवढंच तो म्हणाला. मध्ये सहा मिनिटं गेली होती. मग त्याने इर्माला लावला, तो लागेना, आणि तीस मैल तो इतक्या वेगाने आला की त्याला त्यातला एकही मैल पुढे आठवेना.

वादळ गावाच्या पश्चिम कडेला घासून गेलं. चार घरांची छपरं गेली, त्यातलं एक उन्रूहांचं. इर्मा त्याला अंगणात सापडली, कपड्यांची टोपली उराशी धरलेली, दुसरा हात खांद्यापासून लोंबत होता. आभाळ हिरवं झालेलं तिने बघितलं होतं. भोंगा नाही म्हणजे वेळ आहे, म्हणून ती दोरीवरचे कपडे काढत बसली. भोंगा वाजला तेव्हा ती अंगणाच्या पार टोकाला होती, आणि छपराचा वासा तळघराच्या दारापर्यंत तिच्याआधी पोचला. गावात मेलं कोणी नाही. ट्विलाचं घर, गोठा, पवनचक्की, सगळं गेलं. ती दोन शेळ्या घेऊन जमिनीखालच्या बटाट्याच्या कोठीत बसली होती.

उलट्या फोटोचा उलगडा रस्टीकडून झाला. बाईने सोंडेकडे पाठ करून बहिणीसाठी स्वतःसकट फोटो काढला होता, चेहऱ्यासमोरच्या कॅमेऱ्याने, आणि तिचा फोन तसले फोटो आरशासारखे उलटेच ठेवतो. रस्टीला पाठवताना तिने त्यातून स्वतःला कापून टाकलं. गावावर टॉर्नेडो येत असताना आपलं थोबाड कशाला, असं तिला वाटलं.

पहिल्या फोनबद्दल रस्टी कोणाला बोलला नाही. कॉफीच्या टेबलावर डेलमारचं कौतुक चाललं होतं: लांबून, नुसता फोटो बघून त्याने गाव वाचवलं. आठवडाभर त्याला फासे टाकू दिले नाहीत, कॉफी फुकट. डेलमारला वाटे, यांना ठाऊक आहे आणि हे मुद्दाम करताहेत. मग रस्टी गप्प का, याचा संशय. मग प्रत्येकाच्या हसण्याचा. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या ट्रकमध्ये खुपसलेली सळई आता त्याच्याच पोटात फिरत होती.

दहाव्या दिवशी, खांद्याला प्लास्टर घातलेली इर्मा शेजारणीला सांगत होती, "डेलमारचा भोंगा वाजला म्हणून हातावर निभावलं, नाहीतर मी गेलेच होते." शेजारीण गेल्यावर तो तिच्यासमोर बसला आणि पावसाच्या बाजूपासून आरशापर्यंत सगळं सांगितलं.

इर्माने प्लास्टरवरचं एक सूत उपटलं. मग म्हणाली, "तोच फोटो मी पाठवला असता तर?"

"तर मी म्हटलं असतं, हिचं काहीतरी उलटसुलट झालंय. दुसऱ्यांदा बघितला असता."

"आणि ट्विलाचा होता म्हणून?"

"म्हणून एकदाच बघितला," डेलमार म्हणाला.

"हे मला सांगून काय उपयोग," इर्मा म्हणाली. "टोपी घाल. आधी कॉफीच्या टेबलावर जा, सगळे बसलेले असतील. मग तिच्याकडे."