अंगठा नाही, सही

परवा पोस्टात कुणीतरी शाईच्या पॅडचं झाकण उघडलं आणि त्या वासासरशी नाशिकरोडच्या बँकेतली ती सकाळ आठवली. आई निवृत्त शिक्षिका. अर्धांगाच्या झटक्यानं तिचा उजवा हात लुळा पडला, तेव्हा आम्ही तिला भरवायला लागलो. तिसऱ्याच दिवशी तिनं चमचा हिसकावला आणि सांडत सांडत स्वतः जेवली. मग थंडीभर उन्हात बसून त्याच लुळ्या हातानं मटार सोलायची, पहिलीतल्या पोरीसारखी दुरेघी वहीत अक्षरं गिरवायची. वर्षभरानं पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला आम्ही गेलो. काउंटरवरच्या मुलीनं तिचा थरथरता हात पाहून पॅड पुढं सरकवलं, "आजी, अंगठा लावा." मागं रांग होती. मीही म्हणालो, "लाव ना आई, पटकन होईल." आईनं पॅड परत सारलं. "माझ्या आईनं जन्मभर अंगठा लावला. मी सही करणार." पाच मिनिटं लागली. रांगेत चुळबूळ सुरू झाली, तरी तिनं पेन सोडलं नाही. मुलगी सही निरखून म्हणाली, "पण जुनीशी जुळत नाही." "मग नवा नमुना घ्या. हात नव्यानं शिकलाय, सही जुनी कशी येईल?" मुलीनं दुसरा फॉर्म काढला. आईनं त्यावर तीन सह्या केल्या, एकीपेक्षा एक वाकड्या, पण पूर्ण नावाच्या. मी मान खाली घालून उभा होतो. आता मीही सत्तरीला आलोय. काल भाजी घेऊन येताना लेक म्हणाली, "बाबा, गुडघे दुखतात ना, पिशवी द्या इकडं." मी दिली नाही.