आण्णांचा शंभर टक्के लॉक

आमच्या घरात गाडी सगळ्यांनाच उत्तम चालवता येते. म्हणूनच भांडणं होतात.

नव्या गाडीनं रविवारी गगनबावड्याला जायचं ठरलं आणि बायको म्हणाली, "घाटात मी चालवणार." (लायसन्स नुकतंच मिळालेलं!) मी हसलो. तिथंच घोळ झाला. तिनं टीव्हीवरच्या रेसिंग गेमकडं बोट दाखवलं. "शनिवारी खेळूया. जिंकंल त्यानं घाटात चालवायची. व्हय का न्हाय?"

आता इज्जतीचा प्रश्न! मी सरावाला बसलो, तर माझी गाडी प्रत्येक वळणावर गिरकी घेई. इंटरनेटवर वाचलं, डिफरन्शियल नीट लावा. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरतं, ती मोकळीक देणारा हा भाग. गेममध्ये तो शून्य ते शंभर टक्के लॉक करता येत होता, म्हणजे तेवढी मोकळीक बंद. किती ठेवायचा?

मी वडिलांना विचारलं. आण्णांनी जन्मभर उसाच्या ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालवलाय.

"लॉक कर!"

"पूर्ण?"

"मग काय अर्धा? चिखलात लॉकचं पेडल दाबलं की दोन्ही चाकं एकदम ओढत्यात. भरल्याली ट्रॉली भाईर काढलीया मी!"

"पण आण्णा, हितं डांबरी रस्ता हाय."

"मग तर लोण्यागत पळंल की!"

मी शंभर टक्के लॉक केला. (उभ्या आयुष्यात वडिलांचं ऐकलं नाही, आणि ऐकलं ते हे!)

शनिवारी शेजारपाजारचेही बघायला जमले. सरळ रस्त्यावर मी पुढं! पहिलं वळण आलं. मी वळलो, गाडी वळली नाही. थेट कठड्यात!

"वळीव की!" आण्णा ओरडले.

"वळत न्हाय!"

"मग रेस दे!"

रेस दिली, तर गाडी जागच्या जागी गरगरली. बायको शांतपणे शेजारून गेली. एक फेरी मारून परत आली, तेव्हाही मी त्याच कठड्यात होतो.

"तू काय सेटिंग केलंवतंस?" मी नंतर विचारलं.

"काय न्हाय. वळणाआधी ब्रेक मारला."

रविवारी तिनं घाटात गाडी झकास चालवली. आण्णा पुढं, मी मागं, आईच्या पिशव्यांमध्ये. माझ्याच्यानं राहवेना. फोटोसाठी मीच गाडी रस्त्याखाली घ्यायला लावली आणि चाक चिखलात रुतलं!

"लॉकचं पेडल कुठं हाय?" आण्णांनी विचारलं.

"ह्या गाडीला नसतंय, आण्णा."

"मग उतर खाली."

मी उतरलो. चिखलात गुडघाभर उभा राहून, दात-ओठ खात मागून ढकलू लागलो, तोच आण्णांनी पुढच्या सीटवरून सुनेला हाळी दिली, "दे रेस, पोरी! लॉक लागलाय मागं, शंभर टक्के!"