अ‍ॅडजस्ट करा की

सोलापुरात रिक्षा तीन माणसांची असते, ही फक्त कागदावरची गोष्ट. चौथ्याने हात केला की रिक्षावाला आरशातून आपल्याकडे बघतो आणि म्हणतो, "ताई, जरा अ‍ॅडजस्ट करा की." मग आपण सरकतो. तो स्वतः तसूभर सरकत नाही. हा शब्द इंग्रजांकडे कशासाठी होता कोण जाणे, आपल्याकडे त्याचा अर्थ 'तू सरक' एवढाच.

नवी पेठेतला माझा शिंपी ब्लाउज घट्ट शिवतो आणि वर म्हणतो, होईल अ‍ॅडजस्ट. म्हणजे त्याने शिवण उसवायची नाही, मी बारीक व्हायचं. आमचे मुख्याध्यापक रजा 'अ‍ॅडजस्ट करू' म्हणाले की मी मुकाट्याने वर्गावर जाते. माझं माहेर कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचं. तिथल्या एसटीत जागेवरून भांडण कानडीत होतं आणि तेही 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडरी'वर येऊन थांबतं. दोन राज्यांचं एवढं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मला तरी माहीत नाही.

माझी आई हा शब्द कोळून प्यायली होती. सासरी निघताना तिने माझी ओटी भरली आणि कानात सांगितलं, "अ‍ॅडजस्ट करून ऱ्हा."

वडील गेले आणि भावाने तिला जुळे सोलापूर भागातल्या आपल्या फ्लॅटवर आणलं. एक खोली नवराबायकोची, दुसरी भाच्याच्या दहावीची. दहावीला खोली लागते, आईला दिवाण पुरतो. हॉलमधला. आई मस्त अ‍ॅडजस्ट झाली, असं भाऊ येईल त्याला कौतुकाने सांगायचा.

एका दुपारी मी न सांगता गेले. हॉलमध्ये वहिनीची भिशी रंगली होती. आईच्या दिवाणावर चार बायका बसून भजी खात होत्या. आई स्वयंपाकघरात, प्लास्टिकच्या स्टुलावर, फ्रिजला पाठ टेकून बसलेली. तिची कंबर गेलेली आहे, दुपारी तिला आडवं व्हावंच लागतं. बायका उठायची ती वाट बघत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझ्याकडे चल म्हटलं, तर म्हणाली, जावयाच्या दारात म्हातारपण काढायचं नसतं. भाऊही तेच म्हणाला. लोक म्हणतील, पोटच्या पोराने आईला हाकललं. थोडक्यात, त्याचं नाक वर राहावं म्हणून तिच्या कमरेने अ‍ॅडजस्ट करायचं.

गेल्या महिन्यात तिला नवी पेठेत डॉक्टरांना दाखवलं आणि परत भावाकडे सोडायला रिक्षात बसले. तिसरी एक बाई आधीच बसली होती. थोडं पुढे गेल्यावर एका धिप्पाड माणसाने हात केला. रिक्षावाल्याने आरशात बघितलं आणि नेहमीचं वाक्य टाकलं. मी सवयीने आईला चिकटले. आईने मात्र पाय घट्ट रोवले आणि पिशवी मांडीवरून काढून आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली.

"न्हाय बाबा. मी न्हाय सरकत आता. लई सरकले."

रिक्षावाल्याने रिक्षा पुढे काढली, तो माणूस रस्त्यावरच राहिला. बरंच अंतर गेल्यावर आई बाहेर बघत मला म्हणाली, "तिकडं नगं. तुझ्याकडं चल."

मला आनंद झाला आणि लगेच जागेचा हिशोब सुरू झाला. माझं घर म्हणजे एक खोली आणि हॉल. मी नवऱ्याला फोन लावला. आई येतेय, बहुतेक कायमची, एवढं एका दमात सांगितलं आणि त्याला पटवायला नेमका तोच शब्द ओठांवर आणला. तो उच्चारायच्या आत पलीकडून उत्तर आलं.

"मग मी हॉलमध्ये झोपतो. आईंना आत खिडकीपाशी बरं पडेल."

फोन ठेवला आणि भर रिक्षात मला रडू फुटलं. आईने मधली पिशवी उचलून पुन्हा मांडीवर घेतली.