सेनगावच्या माळावर लांडग्याला हाक

हिंगोलीला एसटीतून उतरले तेव्हा ऊन असं होतं की स्टँडवरची कुत्रीसुद्धा बाकाखालून बाहेर यायला तयार नव्हती. मी निघाले होते लांडग्यांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेकडे. घरच्यांचं म्हणणं होतं की सांगलीच्या बाईने या वयात देवदर्शनाला जावं, लांडग्याच्या दर्शनाला जाऊ नये. कुणी जाऊ नको म्हटलं की माझी पिशवी आपोआप भरली जाते.

सेनगावला जायला काळीपिवळी जीप मिळाली. 'आता एकच सवारी' असं म्हणत ड्रायव्हरने माझ्या मांडीवर जवळजवळ एक अख्खं कुटुंब बसवलं. बाहेर तुरीची रानं मोकळी झाली होती. बांधावर तुराट्यांचे (तुरीच्या वाळलेल्या काड्यांचे) ढीग होते आणि अधूनमधून पळस फुलले होते.

सेनगावच्या स्टँडवर वंदनाताई स्कूटी घेऊन आल्या. चाळिशीच्या, बोलायला कमी, चालायला भराभर. गोरेगावात बुद्धविहारासमोरच्या त्यांच्या घरातच संस्थेचं कार्यालय आहे, म्हणजे एक टेबल, लशींचा फ्रीज आणि दोऱ्यांची भेंडोळी. त्या शेळ्यामेंढ्यांना लस टोचत गावोगाव फिरतात. मेलेल्या शेळीच्या मानेवरचे दातांचे व्रण बघून हे काम कुत्र्याचं की लांडग्याचं, हे त्या सांगतात आणि त्यांचं म्हणणं गावात मानलं जातं. संस्थेत आणखी दोघं आहेत. आखाडा बाळापूरचा कैलास वेल्डिंग करतो आणि शेळ्यांच्या गोठ्यांना जाळीचे दरवाजे बसवून देतो. गावाजवळच्या बंजारा तांड्यावरचा रामधन लांडग्याला हाक मारतो.

हे शेवटचं मला खरं वाटलं नव्हतं. पण लांडगा दिसत नसला तरी त्याला हाक मारली की तो कधीकधी उत्तर देतो. त्यावरून तो माळावर आहे हे कळतं. रामधनचे पणजोबा बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर हिंडायचे आणि लांबच्या बैलांना नुसत्या हाकेने वळवायचे. गळा घराण्यातच असावा.

तांड्याच्या मागचा माळ बघितला आणि माझ्या लक्षात आलं, आपण सहलीला आलेलो नाही. पिवळ्या गवतावर पांढऱ्या फक्कीच्या सरळ रेषा मारलेल्या होत्या. ग्रामपंचायतीला झाडं लावायला मशीनने खड्डे काढायचे होते. झाडं लावणं वाईट कसं, असं मी जरा तावातावानेच विचारलं. वंदनाताईंनी शांतपणे समजावलं की हा माळ गवताचाच आहे, नाल्याच्या कडेला लांडगीण पिल्लं घालते, आणि मशीन फिरलं की ती जाईल ती कायमची. गेल्या ग्रामसभेत त्या म्हणाल्या होत्या, लांडगा आहे हे दाखवता आलं नाही तर मी आडवी येणार नाही. पुढची सभा दुसऱ्याच दिवशी सकाळी होती.

गंमत म्हणजे अडचण त्यांच्या कामानेच उभी केली होती. कैलासचे दरवाजे बसल्यापासून तांड्यावरची एकही शेळी गेली नव्हती, त्यामुळे लांडगे संपले असं गावाने ठरवून टाकलं होतं. संस्थेचा एकुलता एक कॅमेरा होता. त्यात शेळ्या, कुत्री आणि 'हे काय बांधलंय' म्हणून आत डोकावणारे गावकरी एवढेच सापडले.

दिवस मावळताना आम्ही माळावर गेलो. कैलास रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या माळावर जाऊन तिथे हाक मारणार होता. रामधनने चप्पल काढली, तोंडाभोवती हात धरले आणि खालून वर चढत जाणारा असा आवाज काढला की माझ्या अंगावर काटा आला. सगळं गप्प. मग नाल्याकडून, लांबून, तसाच आवाज परत आला. रामधनने पुन्हा हाक दिली, पुन्हा उत्तर आलं. वंदनाताईंनी पदर डोळ्यांना लावला. माझंही काही वेगळं नव्हतं.

परत येईतो तांड्यावर कुणी घरात बसलेलं नव्हतं. "ऐकलं, आमी बी ऐकलं," असं जो तो सांगत होता. रामधनच्या याडीने (आईने) चुलीवर बाटी टाकली. बंजारा घरात भाकरीला हाच शब्द. सोबत लाल मिरचीचा ठेचा. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि याडीला त्याचं फार समाधान वाटलं.

तेवढ्यात कैलास मोटरसायकल ढकलत आला. घामाने निथळत होता, पण चेहरा फुललेला.

"ताई, बोलला. मी जवाब दिला की त्यो बी पुन्ना बोलून राहिला."

वंदनाताईंनी हातातली बाटी ताटात ठेवली. "तू उभा कुठं होतास?"

"नाल्याच्या पलीकडं. गाडीची चैन तुटली, पुढं जाताच आलं न्हाई. म्हनलं सांज वाया काहून घालवा, इथूनच हाक मारू."

सगळ्यांत आधी याडीला समजलं. ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला ठसका लागला. रामधन आणि कैलास यांनी नाल्याच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकांशीच लांडग्याच्या भाषेत गप्पा मारल्या होत्या. रामधननेच कैलासला ही हाक शिकवलेली. शिकवणी चांगली झाली म्हणायची.

मी हसले, पण वंदनाताईंकडे पाहिलं आणि हसू विरलं. कैलास खाली मान घालून म्हणाला की गावाने तर ऐकलंच आहे, आपण गप्प बसलो तर काय बिघडतं. मला त्याचं म्हणणं पटलं होतं, हे लिहिलंच पाहिजे.

वंदनाताई म्हणाल्या, "उद्या कुनाची शेळी मेली आन् मी म्हनले हे कुत्र्याचं काम हाय, लांडग्याचं न्हाई, तर माझं कोन मानंल?"

सकाळी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. सरपंच म्हणाले की लांडग्याचा आवाज तर सगळ्यांनीच ऐकला, तेव्हा नाल्याकडची बाजू सोडून देऊ. काम झालंच होतं. वंदनाताई उठल्या आणि त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं, चैन तुटल्यापासून. व्हरांडा हसण्याने दणाणला. मागून कुणीतरी कैलासला विचारलं की आता शेळी खाणार की भाकरी. वंदनाताई हसणं थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. मला त्या माणसांचा इतका राग आला की मी उठून बाहेर जाणार होते.

सरपंचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मशीन उद्या येऊन राहिली. आज सांजच्याला मी सोता येतो. त्या कैलासला माझ्या बाजूला बसवा."

मी माझं परतीचं आरक्षण सोडून दिलं.

संध्याकाळी माळावर निम्मा तांडा होता. कैलास सरपंच आणि माझ्या मध्ये बसला होता, पकडून आणल्यासारखा. रामधनने हाक दिली. काही नाही. थोड्या वेळाने पुन्हा दिली. एक टिटवी ओरडली आणि गप्प झाली. सरपंच धोतर झटकून उठायला लागले. वंदनाताई फक्कीच्या रेषेकडे बघत बसल्या होत्या, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं. रामधनने तिसऱ्यांदा हाक दिली तेव्हा त्याचा आवाज जरा फाटलाच.

नाल्यातून उत्तर आलं. एक लांबलचक, मग त्याच्यात मिसळलेलं दुसरं, आणि खाली कुठेतरी बारीक किरकिर, पिल्लांची.

सरपंचांनी गर्रकन वळून आधी कैलासकडे पाहिलं. कैलासने दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं होतं आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कुणीही हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन आलं, पण रस्त्याच्या कडेने फिरलं. नाल्याकडची बाजू राखली, सगळा माळ काही राखला नाही. सेनगावच्या स्टँडवर निरोप घेताना मी वंदनाताईंना विचारलं, उत्तर आलंच नसतं तर?

"तर मशीन नाल्यापोतर गेली असती," त्या म्हणाल्या, "आन् मी आज गोरेगावात शेळ्या टोचत असते." मग स्कूटी चालू करून त्या शेळ्या टोचायलाच निघून गेल्या.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, लांडगा दिसला का. नाही दिसला. ऐकू आला, तोही दुसऱ्या संध्याकाळी. पहिल्या संध्याकाळची खरी गोष्ट आम्ही दडवली असती, तर माळाची ती बाजू तरीही राहिली असती. फक्त तिथे खरंच कुणी राहतं का, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नसतं.